खोलीत माझ्या मीच उभी

तुमच्या गंधमुक्तीच्या दिवशी, सुतक फिटायच्या जेवणाला, मी हसले. तोंडाला पदर लावला होता, तरी लोकांना दिसलंच.

धुळ्याकडचे आले होते, अमळनेरकडचे आले होते. इथले सुरतेतले, लिंबायतचे जुने शेजारी आले. तुमच्या पहिल्या कारखान्यातले, आता काठी टेकत चालणारे कारागीर आले. भेस्तानचं आपलं घर तुम्हाला केवढं मोठं वाटायचं, पण त्या दिवशी पुरलं नाही. शेजारच्या रमिलाबेननी न मागता खुर्च्या पाठवल्या, त्याही भरल्या. जिन्यात माणसं, गच्चीवर माणसं. वरण-बट्टीच्या पंगती चालल्या होत्या आणि आपली सून वैशाली घाबऱ्या चेहऱ्याने माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, अजून पाहुणे आले. यांना कुठे बसवू?"

मला आवरलंच नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, धक्का बसलाय, पाणी द्या. आपल्या गणेशला मात्र कळलं. मुंडण केलेलं डोकं खाली घालून तोही हसायला लागला, मग आम्ही मायलेक रडलो. काय सांगणार होतो लोकांना? तुम्ही असतात तर वैशालीचं वाक्य संपायच्या आत सुरू केलं असतं:

पाव्हणं आलं, बसवू कुठं?
खोलीत माझ्या मीच उभा!

हे गाणं तुम्ही अमळनेरला शाळकरी वयात ऐकलं. बाजारातल्या एका हॉटेलवाल्याने रेकॉर्ड वाजवायचं मशीन आणलं होतं, आणि शाळा सुटली की तुम्ही दप्तर घेऊन हॉटेलच्या बाहेर उभे राहायचात. आत जायचं तर चहा घ्यावा लागला असता. गाणारा मुंबईचा कुणी तरुण होता. त्याच्यामागे गिटार, बोंगो आणि मधूनमधून शीळ. मराठी गाण्यात शीळ ऐकून तुम्ही वेडेच झाला होतात. गायकाचं नाव तुम्हाला कधीच आठवलं नाही. मी विचारलं की तुम्ही दरवेळी वेगळं नाव सांगायचात.

गाणं होतं शहरातल्या एका माणसाचं. त्याची खोली इतकी लहान की आलेल्या पाहुण्याला बसवायला जागा नाही. पहिल्या कडव्यात मामा येतो.

मामा आले गावाहून,
पिशवी ठेवली डोक्यावर,
म्हणाले, भाच्या, टेकू कुठं?
म्हटलं, माझ्या खांद्यावर.

पुढे फटीतून ऊन येतं, तर तो उन्हालाच म्हणतो, बाबा, तू तरी दुपारभर थांब. मग नवरी येते. ती ट्रंकेवर बसते, आणि ट्रंक उघडायची वेळ आली की बिचारीला पुन्हा उभं राहावं लागतं.

ही नवरी मीच होते. लग्न होऊन मी सुरतेला आले त्या दिवशी लिंबायतच्या खोलीत तुमचे सगळे मित्र जमले होते, आणि खरोखरच बसायला जागा नव्हती. मला तुमच्या ट्रंकेवर बसवलं. मग तुम्ही समोर उभे राहून, एका हाताने दाराची चौकट वाजवत हे गाणं म्हटलं. मित्र खो खो हसत होते. मला रडू आलं. माहेरी आमचं अंगण केवढं, आणि इथे हा माणूस माझ्या तोंडावर सांगतोय की बाई, तुला बसायलाही जागा नाही.

मित्र गेल्यावर तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसलात. म्हणालात, "येडी, हाई हसानं गानं शे."

मी म्हटलं, "मंग माले रडू का बरं उनं?"

आपलं पहिलं भांडण हे. ते मिटलं नाही, आणि खरं सांगू, मिटावं असं मला कधी वाटलंही नाही. शेजारपाजारच्या बायका नवऱ्याशी दारूवरून भांडत होत्या, आणि आपण एका गाण्यावरून.

तुम्ही ते फार वेगात म्हणायचात. त्याचं कारण मला पुष्कळ दिवसांनी कळलं, तुमचा डबा घेऊन मी कारखान्यात आले तेव्हा. दारात पाऊल टाकलं आणि कानात कुणी मूठ घातल्यासारखं झालं. कापड विणायच्या एवढ्या लूम एकदम चाललेल्या. समोरचा माणूस ओरडला तरी त्याचे फक्त ओठ हललेले दिसतात. आणि त्यात तुम्ही, दोन मशीनच्या मधल्या पट्ट्यात, मान हलवत, तोंड उघडून गात होतात. मला एक शब्द ऐकू आला नाही, पण तुमच्या ओठांवरून कुठलं कडवं चाललंय ते ओळखलं. लूमच्या ठोक्यावर तुम्ही ते गाणं बसवलं होतं. गावात तुम्ही लाजत गुणगुणत असाल, इथे मात्र कुणाला ऐकूच जात नाही म्हटल्यावर गळा सोडला होता. त्याच आवाजाने पुढे तुमचे कान नेले. मग घरातही तुम्ही तितक्याच मोठ्याने बोलायला लागलात, सुरात थोडे इकडेतिकडे व्हायला लागलात. पण ठोका कधी चुकला नाही.

माझं गाणं निराळं झालं. गणेश तान्हा होता, झोपायचा नाही. मला पाळण्याची गाणी येत होती, पण ती म्हणून संपली आणि पोरगं टक्क जागं. तेव्हा मी तुमचंच गाणं धरलं, सावकाश, आपल्या अहिराणीत, जसं तोंडात येईल तसं.

पाव्हना उना, कोठे बसाडू?
मन्ही खोलीमा मीच उभी शे.

तुम्ही पाळीवरून येऊन दारात चप्पल काढत होतात. थांबलात. म्हणालात, "हे काय केलंस? अगं, मयताला आल्यासारखं म्हणतेस." मग जेवताना पुन्हा म्हणालात, "आणि 'उभा' आहे ते. 'उभी' नाही."

मी म्हटलं, "तुम्ही कधी उभे असता? तुम्ही येता आणि बसता. उभी मी असते."

तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. मग उठलात, माझ्या हातातली पळी घेतलीत आणि स्वतः वाढायला लागलात. मला हसू आलं, कारण तुम्हाला भाकरी मोडायची की वाढायची हेसुद्धा धड कळत नव्हतं. पण त्या दिवसापासून घरात मी म्हणताना तुम्ही 'उभी' बदललं नाहीत. उलट कारागिरांच्या बायका मला हळदीला बोलावून माझ्या पद्धतीने म्हणवून घ्यायच्या, तेव्हा बाहेर पुरुषांत बसून तुम्ही अभिमानाने सांगायचात, "ते आमच्या घरातलं आहे."

गणेश मोठा झाला, त्याने ते आणखी निराळं केलं. मित्राच्या वरातीत डीजेवर. शब्द सगळे काढून टाकले, नुसता ठोका ठेवला, आणि छाती हादरेल असा. तुम्ही रस्त्याच्या कडेला हाताची घडी घालून उभे होतात. मला वाटलं, आता बापलेकाचं जुंपणार. थोड्या वेळाने बघते तर घडी सुटलेली आणि तुम्ही पोरांच्या मधोमध. नंतर म्हणालात, "बहिऱ्या माणसाला पहिल्यांदाच धड ऐकू आलं."

एवढं सगळं असून एक कडवं तुम्ही कधी म्हणत नव्हतात. शेवटचं. लिंबायतला असताना एकदा, एकदाच, तुम्ही ते मला म्हणून दाखवलं होतं.

शेवटचं पाव्हणं दाराशी
उभ्या उभ्या आलं,
'चल, तिकडं जागा ऐसपैस'
म्हणत घेऊन गेलं.

 मी म्हटलं, हेच तर गाण्यातलं सगळ्यात खरं कडवं आहे, हेच कसं गाळता? तुम्ही म्हणालात, "रेकॉर्डमध्ये आहे, पण ते म्हणायचं नसतं." का नसतं, ते सांगितलं नाहीत. मी पुष्कळदा विचारलं. माझं म्हणणं एवढंच होतं की गाणं जसं आहे तसं म्हणावं. तुम्ही विषय बदलायचात, किंवा ऐकू न आल्याचं सोंग घ्यायचात. ते सोंग तुम्हाला छान जमायचं.

मग ते संमेलन आलं. आपल्या खान्देशी मंडळाचं, पर्वत पाटियाजवळच्या त्या मोठ्या हॉलमध्ये. दरवर्षी तुमचं पाव्हण्यांचं गाणं ठरलेलं असायचं. त्या वर्षी कार्यक्रमाचं काम नितीनकडे होतं. नितीन आपल्या लिंबायतच्या गल्लीतला. त्याची आई कमलबाई साड्यांना टिकल्या लावायची, तो आता साड्यांचा व्यापारी झाला होता. घरी आला, तुमच्या पाया पडला, चहा घेतला, आणि चुळबुळ करत म्हणाला, "नाना, या वेळी ते गाणं राहू द्या ना. बाहेरचे मोठे लोक बोलावलेत. त्यांच्यासमोर खोली नाही, जागा नाही... आपण काय अजून तसे राहतो का?"

तुम्ही म्हणालात, "बरं."

तो गेल्यावर मी तुमच्यावर तुटून पडले. "बरं काय? असं कसं 'बरं' म्हणालात? ज्या खोलीत राहिलो तिची लाज कसली?"

तुम्ही शांतपणे चपलेचा अंगठा शिवत होतात. म्हणालात, "गणेशनी माय, त्याला लाज वाटते तर वाटू दे. मी त्याला दरडावून गायलो तर ते गाणं राहील का?"

मला पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण तुम्ही तसे होतात. कुणाच्या मनाविरुद्ध तुम्ही कुठे जाऊन बसला नाहीत, मग तो गाण्याचा कार्यक्रम असो नाही तर जेवणाची पंगत.

संमेलनात तुम्ही स्वच्छ पांढरा सदरा घालून एक साधा अभंग म्हटलात. टाळ्या पडल्या. तुम्ही नमस्कार करून वळलात, तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी म्हातारा ओरडला, "जगन, पाव्हनासनं गानं म्हन ना भो!"

तुम्ही हात जोडून नको म्हणालात. पण मागच्या रांगांनी ऐकलं नाही. त्यांनीच सुरू केलं. पहिल्या ओळीला सगळे एकत्र होते, पुढे जो तो आपापल्या वाटेने गेला. कुणाच्या गाण्यात मामाऐवजी सासरा, कुणाच्या गाण्यात गावाकडची बकरी. माझ्या रांगेतल्या बायका 'उभी' म्हणत होत्या, पलीकडचे पुरुष 'उभा'. कुणी लूमच्या वेगात, कुणी माझ्यासारखं हळू. नुसता गोंधळ. तुम्ही माईक हातात घेऊन तोंड उघडं ठेवून ऐकत होतात. एवढ्या खोल्यांमध्ये तुमचं गाणं राहून आलं होतं, हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं. समोरच्या खुर्च्यांवरचे मोठे लोक मागे वळून बघत होते, त्यातले दोघं-तिघं ताल धरायला लागले होते.

गोंधळ ओसरला तेव्हा नितीन पायऱ्या चढून वर आला. मला वाटलं, माईक घेऊन पुढचा कार्यक्रम जाहीर करणार. तो तुमच्याजवळ आला आणि म्हणाला, "नाना, माझी आई एक कडवं म्हणायची. तुमच्यात ते नाही." मग माईक तोंडाशी धरून, गाता येत नसताना, त्याने म्हटलं:

मन्हा पोटमा पाव्हना उना,
त्याले नही अडचन,
खोली धाकली, तरी त्यान्हं
येवढं मोठं आंगन.

कमलबाईने हे केलं होतं, नितीन पोटात असताना. टिकल्या लावता लावता केलं असेल. शेजारी राहून मला कधी ऐकू आलं नाही. जाऊन तिला दहा-बारा वर्षं झाली असतील. नितीन दुसऱ्यांदा म्हणायला गेला आणि त्याचा आवाज फुटला, तेव्हा पुढचं तुम्ही उचललंत, आणि तेही हळू. माझ्या वेगात. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

रिक्षातून घरी येताना तुम्ही म्हणालात, "आता हेच शेवटचं कडवं. इथेच गाणं संपवायचं."

मी म्हटलं, "असं कसं? गाणं जसं आहे तसं म्हणावं. तुमचं ते शेवटचं कडवं आहे ना रेकॉर्डमध्ये?"

"जसं आहे तसं म्हणजे कुणाचं?" तुम्ही विचारलंत. इतक्या मोठ्याने, की रिक्षावाल्याने मागे बघितलं. "त्या मुंबईवाल्याचं? माझं? तुझं? कमलबाईचं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आपलं घर आलं. ते उत्तर तिथेच राहिलं. पुढचे दिवस चांगले गेले. तुम्ही सकाळी ओट्यावर बसून पेपर मोठ्याने वाचायचात, कॉलेजात जाणाऱ्या आपल्या नातीला, खुशीला, कोडी घालायचात, ती गुजरातीत उत्तर द्यायची आणि तुम्ही मराठीत चूक काढायचात. आणि एका दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. मी चहा टाकून हाक मारली. तुम्ही कधी पहिल्या हाकेला उठायचा नाहीतच, म्हणून मी दुसरी मारली, तिसरी मारली, मग हात लावला. चेहऱ्यावर काही त्रास नव्हता. तेवढं पाहून मला बळ आलं.

गंधमुक्ती झाल्यावर खुशी मोबाईल घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "आजी, दादाचं गाणं मला मळी गयुं." तिच्या गुजरातीत दादा म्हणजे आजोबा, तुम्ही. कुणीतरी जुन्या तबकड्या गोळा करणाऱ्या माणसाने ती रेकॉर्ड मोबाईलवर टाकली होती. गायकाचं नाव लिहिलेलं होतं. तुम्ही सांगितलेल्या सगळ्या नावांपेक्षा निराळंच.

आम्ही ऐकलं. गिटार होती, बोंगो होता, शीळ होती. मामा आला, ऊन आलं, नवरी ट्रंकेवर बसली. मग शीळ हळूहळू लांब गेली आणि गाणं संपलं. मी म्हटलं, "पुढचं लाव." खुशी म्हणाली, "आजी, एवढंच आहे." मी तिला पुन्हा लावायला सांगितलं. शेवटचा पाव्हणा रेकॉर्डमध्ये नव्हता.

म्हणजे तो तुम्ही आणला होता.

 लग्नाआधी तुम्ही आठ कारागीर एका खोलीत राहायचात, ते तुम्ही मला सांगितलं होतं. दिवसपाळीचे उठले की रात्रपाळीचे त्याच अंथरुणावर आडवे व्हायचे. आणि त्या खोलीत पारोळ्याचा पुंडलिक तापाने गेला, पाळी बदलायच्या वेळेला, तेव्हा त्याच्याभोवती तुम्ही सगळे उभेच होतात, कारण बसायला जागा नव्हती, हेही सांगितलं होतं. हे एकदा सांगितलंत आणि कडवं एकदा म्हटलंत. दोन्ही एकाच माणसाचं आहे हे मात्र सांगितलं नाहीत. आणि मी वेडी, 'जसं आहे तसं म्हणा' म्हणत तुमच्यामागे लागले होते.

आता तुमच्यावर रागवावं म्हटलं तर राग येत नाही. इतकं दुखणारं काही तुम्ही माझ्या हातात एकदा ठेवलं होतंत, एवढंच मनात येतं. ते मी कुणाला म्हणून दाखवणार नाही. माझ्यापाशी राहील.

एक सांगायचं राहिलं. खुशीच्या कॉलेजच्या कार्यक्रमात तिने हे गाणं घेतलं. तिचं स्वतःचं, गुजरातीत, फटाफट बोलल्यासारखं. "महेमान आव्या, क्यां बेसाडुं?" आणि मला म्हणाली, मध्ये तुझ्या दोन ओळी हव्यात, तुझ्या आवाजात. नातेवाईक म्हणाले, एवढ्यात बरं दिसणार नाही. गणेश म्हणाला, "नानांना दिसलं असतं."  मी पांढऱ्या साडीवर तुम्ही आणलेली हिरवी शाल घेतली आणि गेले.

स्टेजवर दिवे असे की समोरचं काही दिसत नाही. पोरं मागे धाडधाड वाजवत होती. माझ्या ओळी आल्या तशी ती आपणहून हळू झाली. मी 'मीच उभी शे' म्हटलं, आणि अंधारातून पोरी ओरडल्या. मग पुन्हा लूमचा वेग. नंबर काही आला नाही. खुशीने दोन मिनिटं तोंड पाडलं आणि मग आम्हाला सगळ्यांना हातगाडीवर गरम लोचो खायला नेलं.

तिथे गाडीपाशी तिची एक मैत्रीण माझ्याजवळ आली. ओरिसाची. तिचे आईवडील इथेच लूमवर आहेत. म्हणाली, "दादी, वो लाइन फिर से बोलो ना, मम्मी को सुनाना है." तिने आईला फोन लावून माझ्यापुढे धरला. मी गाडीच्या धुरात उभी राहून म्हटलं, पुरी सगळी कडवी, मामापासून कमलबाईपर्यंत. मध्ये मध्ये पोरगी आपल्या भाषेत आईला अर्थ सांगत होती.  मग पलीकडून ती बाई भराभर काहीतरी बोलली.

मी विचारलं, "क्या बोली?"

पोरगी हसत म्हणाली, "मम्मी बोलती है, इसमें एक मेहमान छूट गया है. वो जोड़ देगी."

मी म्हटलं, "जोड़ने दे, बेटा."